वाळकी काडी आणि जमिनीखालची ठेव

जून सरत आला, एखादा पाऊस होऊन गेला, की आपल्या मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर ब्रह्मकमळाचे फोटो येऊ लागतात. रात्रीचे साडेअकरा-बारा वाजलेले असतात, फुलाला हळद-कुंकू वाहिलेले, शेजारी निरांजन, मागे झोपाळलेली नातवंडे. फोटोखाली प्रश्न ठरलेला: "हे बारा वर्षांतून एकदाच फुलते ना?" कोणी बारा म्हणतो, कोणी चौदा. ज्यांच्या गॅलरीत गेल्या वर्षी दोनदा फुलले ते गप्प बसतात, कारण बारा वर्षांची गोष्ट ऐकायला बरी वाटते. हे झाड नेमके आहे कोण, कुठले आणि रात्रीच का फुलते, याचा थोडा शोध आम्ही घेतला. बँकेतून निवृत्त झाल्यापासून वाचनाला वेळ आहे, आणि हिशोब लावायची सवय काही सुटत नाही. शोध मात्र आपल्या कुंडीपासून निघून थेट अमेरिकेच्या वाळवंटात जाऊन पोचला. तिथल्या एका विलक्षण झाडासाठीच हा लेख.

आधी नावांचा घोळ निस्तरू. खरे ब्रह्मकमळ हिमालयात, तीन-साडेतीन हजार मीटरच्या वर उगवते. ते सूर्यफुलाच्या कुळातले आहे आणि उत्तराखंडचे राज्यपुष्प आहे. त्याचे शास्त्रीय नाव सॉसुरिया ऑब्व्हॅलाटा. आपल्या कुंडीतले झाड वेगळे, त्याचे नाव एपिफायलम ऑक्झिपेटॅलम. ते मूळचे दक्षिण मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतल्या दमट जंगलांतले आणि चक्क निवडुंगाच्या, म्हणजे कॅक्टसच्या कुळातले. आपण ज्याला त्याचे पान म्हणतो आणि ज्याच्या काठातून फूल निघते, ते पान नसून चपटे झालेले खोड आहे.

निवडुंग या शब्दाचाही असाच गोंधळ. आपल्याकडे काटेरी, गुबगुबीत, बिनपानाचे झाड दिसले की त्याला निवडुंग म्हणायचे. आपले गुजराती शेजारी थोर म्हणतात. पण यातली तोडल्यावर पांढरा चीक येणारी तिधारी-चौधारी झाडे कॅक्टस नव्हेत, ती एरंडाच्या कुळातली आहेत आणि इथलीच आहेत. खऱ्या कॅक्टसच्या जवळजवळ सगळ्या जाती मूळच्या अमेरिका खंडाच्या. लाल बोंडांचा फड्या निवडुंग आज कुठल्याही माळावर दिसतो, पण तोही तिकडूनच आलेला. दोन वेगळी घराणी, मध्ये समुद्र, आणि कोरड्या हवामानाने दोघांना सारख्याच रूपाला आणून सोडले.

आता त्या वाळवंटाकडे. अमेरिकेच्या अ‍ॅरिझोना राज्याचा दक्षिण भाग, कॅलिफोर्नियाचा एक कोपरा आणि मेक्सिकोचा वायव्य भाग मिळून सोनोराचे वाळवंट होते. क्षेत्रफळ अंदाजे २,६०,००० चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या गुजरातपेक्षा मोठे. त्यात तूसॉन नावाचे शहर आहे. तिथे वर्षाला जेमतेम ३०० मिलीमीटर पाऊस पडतो. आपल्या बडोद्याला साधारण ९०० पडतो. तोही दोन हप्त्यांत येतो, थोडा हिवाळ्यात आणि थोडा जुलै ते सप्टेंबरमध्ये. गंमत म्हणजे या उन्हाळी पावसाला तिथले लोक मान्सूनच म्हणतात आणि आपल्यासारखीच त्याची वाट पाहतात. मे आणि जून सर्वांत वाईट. तापमान चाळिशीपार, आभाळात ढग नाही, हिवाळ्यातली ओल केव्हाच उडून गेलेली.

या वाळवंटात आणि पूर्वेच्या चिवावा वाळवंटात एक निवडुंग उगवतो, पेनिओसेरियस ग्रेगाय. जोसाया ग्रेग हा व्यापारी प्रेअरीच्या वाटांवरून मालाच्या गाड्या हाकता हाकता वनस्पती गोळा करी. त्याच्या नावावरून १८४८ साली जॉर्ज एंगलमन या वनस्पतिशास्त्रज्ञाने हे नाव दिले. स्थानिक स्पॅनिश नाव 'रेना दे ला नोचे', म्हणजे रात्रीची राणी. आपली रातराणी ही नव्हे. ती वेगळ्याच कुळातली आहे, पण तीसुद्धा अमेरिकेतूनच आली आहे हे जाता जाता सांगून टाकतो.

राणी म्हटल्यावर काही भव्य डोळ्यांपुढे येते. प्रत्यक्षात ही म्हणजे एखाद्या झुडपात अडकलेली वाळकी काडी. बोटाएवढी जाड, करड्या-काळपट रंगाची, अंगावर चार-सहा धारा, काटे इतके बारीक की जवळ गेल्याशिवाय दिसत नाहीत. स्वतःच्या बळावर नीट उभीही राहत नाही, शेजारच्या झुडपाच्या फांद्यांना टेकून वाढते. ते झुडूप बहुधा क्रिओसोट, मेस्किट किंवा आयर्नवुड. यातले मेस्किट आपल्या ओळखीचे निघेल. कच्छ-सौराष्ट्रात माजलेला 'गांडो बावळ', म्हणजे आपली वेडी बाभूळ, त्याचाच जवळचा भाऊबंद. इथे तो उपद्रवी ठरला. तिकडे आपल्या घरी तो शेकडो रोपट्यांचा पालनकर्ता आहे. त्याच्या सावलीत जमीन कमी तापते, पानांचा कचरा पडून माती बरी होते, आणि राणीची काडी त्याच्या वाळक्या फांद्यांत बेमालूम मिसळून जाते. गुरे, हरणे, माणसे तिच्याजवळून जातात आणि ती त्यांच्या लक्षातही येत नाही. वनस्पतिशास्त्रात अशा झाडाला 'नर्स प्लांट' म्हणतात. आम्ही त्याला दाईझाड म्हणू.

इतर निवडुंगांची रीत वेगळी आहे. सोनोराचा प्रसिद्ध सागुआरो पाणी अंगात साठवतो. त्याच्या खोडाला पेटीच्या भात्यासारख्या चुण्या असतात, पाऊस पडला की त्या फुगून उघडतात आणि पाणी संपत आले की मिटतात. त्याची मुळे उथळ पण लांबवर पसरलेली असतात, कारण वाळवंटातला पाऊस खोल मुरत नाही. पाऊस होताच अनेक निवडुंगांना नवी बारीक मुळे फुटतात, मिळेल ते पाणी भराभर ओढून घेतात आणि जमीन वाळली की मरून जातात. हे मरणेही उपयोगाचे. मुळे जिवंत राहिली तर कोरडी माती उलट त्यांच्यातूनच पाणी ओढून घेईल.

रात्रीच्या राणीच्या बोटभर काडीत साठवून साठवणार किती? म्हणून तिने आपली ठेव जमिनीखाली नेली. माती उकरली तर खाली रताळ्या-सलगमासारखा मोठा कंद सापडतो. साधारण दोन ते सात किलोचा, कधी त्याच्या कित्येक पट. वर काडीचे वजन काही ग्रॅम आणि खाली किलोवारी भांडवल! कंदात पाणी असते आणि पिष्ट, म्हणजे स्टार्चही असतो. तो सावलीत, मातीखाली असल्याने तापत नाही आणि सुकत नाही. वरची काडी सशाने कुरतडली, उन्हाने करपली किंवा गाईच्या खुराखाली मोडली, तरी कंदातून नवी काडी फुटते. आमच्या भाषेत सांगायचे तर काडी हे नुसते काउंटर, तिजोरी तळघरात.

साठवण ही निम्मी गोष्ट झाली. उरलेली निम्मी खर्चाची, आणि आम्हाला तीच जास्त रंजक वाटते.

झाडाला अन्न तयार करायला कार्बन डायऑक्साइड वायू लागतो. तो आत घ्यायचा तर अंगावरची सूक्ष्म रंध्रे उघडावी लागतात, आणि रंध्रे उघडली की आतली वाफ बाहेर जाते. आपल्या बागेतली बहुतेक झाडे दिवसा रंध्रे उघडतात, कारण अन्न बनवायचे काम सूर्यप्रकाशात चालते. एक ग्रॅम कार्बन डायऑक्साइड मिळवताना असे झाड ४०० ते ५०० ग्रॅम पाणी गमावते. मका, ज्वारी, ऊस यांची पद्धत जरा काटकसरीची, त्यांना २५० ते ३०० ग्रॅम लागते. निवडुंगाचे भागते ५० ते १०० ग्रॅममध्ये.

हे कसे जमते ते सांगायला आम्हाला जुन्या 'नाइट सेफ'चे उदाहरण सोपे वाटते. काही मोठ्या शाखांत ही सोय असे. दुकानदार रात्री दुकान बंद केल्यावर दिवसभराची रोकड कुलूपबंद पिशवीत घालून बँकेच्या भिंतीतल्या झडपेतून आत टाकत. पैसे सुरक्षित, पण खात्यात जमा नाहीत. सकाळी पिशव्या उघडून मोजणी होई आणि मग जमा. निवडुंग हेच करतो. रात्री हवा थंड असते, त्यातल्या त्यात दमट असते. तेव्हा तो रंध्रे उघडतो आणि कार्बन डायऑक्साइड आत घेतो. प्रकाश नसल्याने लगेच अन्न बनवता येत नाही, म्हणून तो वायू मॅलिक आम्लाच्या रूपात पेशींमधल्या रिक्तिकांत भरून ठेवतो. कच्च्या सफरचंदाला आंबटपणा असतो तो याच आम्लाचा. सूर्य उगवला की रंध्रांचे शटर खाली. मग आत, बंद दाराआड, आम्लातून कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि उन्हाच्या बळावर त्याची साखर बनते. बाहेर चाळीस अंश असोत की पंचेचाळीस, वाफ जायला वाटच नाही.

यात फुकट काही मिळत नाही. रिक्तिकेची जागा ठरलेली असते. रात्रभरात ती भरली की भरली, त्यापेक्षा जास्त माल घेता येत नाही. म्हणून निवडुंग फार सावकाश वाढतात. दुष्काळ लांबलाच तर अनेक निवडुंग रात्रीसुद्धा शटर उघडत नाहीत. स्वतःच्या श्वसनातून निघणारा कार्बन डायऑक्साइडच पुन्हा वापरतात आणि नुसते तग धरून राहतात. वाढ नाही, पण दिवाळेही नाही.

या शोधाचा एक धागा आपल्या देशातून जातो हे वाचून आम्हाला फार आनंद झाला. ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत, मद्रास इलाख्यात काम केलेला बेंजामिन हाइन नावाचा एक जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ होता. त्याने पानफुटीची पाने चाखून पाहिली. हो, तीच पानफुटी, जिचे पान वहीत ठेवले की काठांवर रोपे फुटतात. त्याला आढळले की सकाळी पान चांगले आंबट लागते, दुपारपर्यंत आंबटपणा जातो आणि संध्याकाळी जरा कडवट लागते. ही नोंद त्याने १८१३ साली पत्राने लंडनच्या लिनियन सोसायटीकडे कळवली. रात्रीची जमा आणि दिवसाचा खर्च त्याने जिभेने तपासला म्हणायचा! पुढे या साऱ्या प्रक्रियेला नाव पडले तेही पानफुटीच्या क्रॅसुलेसी या कुळावरून. वाचकांनी मात्र चाखायच्या भानगडीत पडू नये, पानफुटीत हृदयावर परिणाम करणारी द्रव्ये असतात.

त्याही आधी, १८०४ साली, जिनिव्हाच्या थिओडोर द सॉसूर याने फड्या निवडुंग अंधारात कार्बन डायऑक्साइड शोषतो, असे आपल्या ग्रंथात लिहून ठेवले होते. आणि योगायोग असा की हिमालयातल्या खऱ्या ब्रह्मकमळाच्या सॉसुरिया या नावात हाच थिओडोर आणि त्याचा बाप होरेस या दोघांचा मान आहे. म्हणजे आपल्या खोट्या ब्रह्मकमळाच्या कुळाचे गुपित ज्याने आधी हेरले, त्याचे नाव खऱ्या ब्रह्मकमळाला! असा योग कोणी मुद्दाम जुळवून आणू शकला नसता.

आता फुलाबद्दल. वर्षभर काडी होऊन बसलेली ही राणी बहुधा जूनच्या अखेरीस किंवा जुलैच्या सुरुवातीस फुलते, म्हणजे पाऊस यायच्या तोंडावर, सर्वांत कोरड्या दिवसांत. फुलासाठी लागणारे सगळे पाणी कंदातल्या शिलकीतून येते. सूर्य मावळला की कळी हलू लागते आणि रात्र चढते तसे तळहाताएवढे मेणचट पांढरे फूल उघडते. मागे वीतभर लांब नळी. वास इतका दाट की अंधारात फूल दिसण्याआधी वासच येतो. सकाळी ऊन चढले की फूल मिटते, आणि मिटले ते मिटलेच.

एवढ्या मोठ्या पाकळ्या जूनच्या दुपारी उघड्या ठेवल्या तर पाण्याचा केवढा नाश होईल, हे उघड आहे. पण रात्र निवडण्याचे कारण एवढेच नाही. तिचे गिऱ्हाईक रात्री येते. हॉक मॉथ नावाचे मोठे पतंग फुलासमोर हवेत तरंगत राहून आपली लांब सोंड त्या वीतभर नळीत घालतात आणि तळाचा मध पितात. पिताना डोक्याला पराग लागतात. याच पतंगांच्या काही जातींच्या अळ्या धोतऱ्याची आणि टोमॅटोची पाने फस्त करतात. म्हणजे तूसॉनची एखादी गृहिणी परसातल्या टोमॅटोवरची हिरवी अळी चिरडते, तेव्हा राणीच्या दारचा एक पाहुणा कमी करते.

आणि पाहुणा येऊन भागत नाही. या झाडाला स्वतःचे पराग चालत नाहीत. दुसऱ्याच रोपाचे लागतात. झाडे विखुरलेली, दोन झुडपांमध्ये कितीतरी अंतर, फूल एका रात्रीचे. राणीने आपल्या मर्जीने मंगळवारी फुलायचे आणि शेजारणीने शुक्रवारी, असे झाले तर एकही बी धरणार नाही. म्हणून एका भागातली बहुतेक झाडे एकाच रात्री, किंवा लागोपाठच्या दोन-चार रात्रींत फुलतात. तूसॉनमध्ये तोहोनो चुल नावाचे उद्यान आहे. स्थानिक तोहोनो ऊधम लोकांच्या भाषेत या शब्दांचा अर्थ वाळवंटाचा कोपरा. तिथे या झाडांचा मोठा संग्रह आहे. उद्यानाचे लोक उन्हाळाभर कळ्यांची लांबी मोजत असतात आणि आज फुलणार अशी खात्री झाली की त्याच दिवशी जाहीर करतात. मग रात्री माणसे मुलाबाळांना घेऊन, बॅटऱ्या घेऊन येतात. आरती आणि निरांजन सोडले तर आपल्याकडच्यासारखाच थाट.

परागण झाले तर पुढे लाल फळ येते. पक्षी ते खातात, दुसऱ्या झुडपावर जाऊन बसतात आणि बी नेमके त्या झुडपाच्या सावलीत पडते. दाईझाडाखालीच राणी का सापडते, याचे निम्मे उत्तर इथे आहे. उघड्यावर पडलेल्या बियांचे काय होते, हे उरलेले निम्मे.

इतकी काटकसर, इतकी शिस्त, तरीही हे झाड आज सुखात नाही. एक तर कंद. सोनोरा भागात तो मधुमेहावरचे औषध म्हणून वापरत आले आहेत. मधुमेह म्हटल्यावर आपल्यातल्या अनेकांचे कान टवकारतील, म्हणून स्पष्ट सांगतो, डॉक्टरांच्या गोळीला हा पर्याय नव्हे. काडी तोडली तर झाड पुन्हा उभे राहते, पण कंद उपटला म्हणजे मुद्दलच काढून घेतले. दुसरे संकट लपण्याच्या कलेतूनच आले आहे. शहरे वाढतात, जमिनी सपाट होतात. सागुआरो उंच असल्याने सगळ्यांना दिसतो. वाळकी काडी बुलडोझर चालवणाऱ्याला कशी दिसणार? अ‍ॅरिझोनात निवडुंगांना कायद्याचे संरक्षण आहे आणि परवान्याशिवाय ते उपटता येत नाहीत. तूसॉनच्या निवडुंगप्रेमी मंडळाचे स्वयंसेवक बांधकामाच्या जागी आधी जाऊन, परवानगीने, झाडे काढून दुसरीकडे लावतात. आपल्यासारखेच हौशी, बरेचसे निवृत्त लोक या कामात असतील असा आमचा कयास. आणि पतंग कमी झाले तर? कायदा झाड वाचवील, पण त्या एका रात्री कोणी आलेच नाही तर बी कुठून येणार?

आपल्या जवळपासही रात्री फुलणारा एक निवडुंग आता शेतात आला आहे. ड्रॅगन फ्रूट. गुजरात सरकारने जानेवारी २०२१ मध्ये त्याचे नामकरण 'कमलम' केले. कच्छात आणि तिकडे सांगली-सोलापूरकडे त्याच्या बागा आहेत. त्याचेही फूल संध्याकाळी उमलते आणि सकाळी मिटते. जिथे परागण करणारे पुरेसे नसतात तिथे शेतकरी रात्री बॅटरी लावून ब्रशने पराग लावतात. बाजारात ते गुलाबी फळ घेताना एवढे आठवावे.

शेवटी आपल्या कुंडीतल्या ब्रह्मकमळाविषयी, कारण त्याबद्दल विचारणा होतेच. ते कॅक्टस आहे म्हणून त्याला मे महिन्यात गच्चीवर उन्हात ठेवणारे आणि पाणी तोडणारे लोक आम्ही पाहिले आहेत. ते वाळवंटातले नाही, जंगलातल्या मोठ्या झाडांच्या फांद्यांवर बसून वाढणारे आहे. फांदीवर माती जेमतेम मूठभर, पाऊस थांबला की लगेच कोरडे. म्हणून निवडुंगाची काटकसर त्याच्या अंगी आहे, पण ऊन सोसायची सवय नाही. बडोद्याच्या उन्हात त्याची खोडे पिवळी पडून भाजतात. सकाळचे कोवळे ऊन आणि नंतर सावली, अशी पूर्वेची गॅलरी उत्तम. माती भुसभुशीत, पाणी झरझर निघून जाईल अशी. उन्हाळ्यात वरची माती वाळली की पाणी, हिवाळ्यात फार कमी. कुंडीखालच्या ताटलीत पाणी साचू देऊ नये. तहानेपेक्षा मुळे कुजूनच ही झाडे जास्त मरतात. झाड चांगले जोमात असेल तर एका पावसाळ्यात दोन-तीनदाही फुलते, त्याला बारा वर्षे थांबावे लागत नाही. कोणाला रोप द्यायचे असेल तर वीतभर तुकडा कापून, तो सावलीत दोन-तीन दिवस ठेवून, काप सुकल्यावरच मातीत खोचावा आणि पहिला आठवडाभर पाणी बेतानेच घालावे.